हो, मला 'बोल बच्चन' आवडतो, अन् 'गोलमाल' पण आवडतो

मला 'बोल बच्चन' मनापासून आवडतो असं म्हटलं की लोक आधी हसतात, मग त्यांच्या लक्षात येतं की हा सीरियसली बोलून राहिला, अन् मग ठरलेलं वाक्य येतं, "अरे यार, कुठं तो गोलमाल अन् कुठं हे!" हे वाक्य घरी ऐकलं, ऑफिसात ऐकलं, पानठेल्यावर खर्रा घोटून देणाऱ्यानं पण ऐकवलं. तर आता एकदाचं सगळं लिहूनच टाकतो, दरवेळी तोंड वाजवायला नको.

आधी मामला काय ते सांगतो. रोहित शेट्टीचा 'बोल बच्चन' ६ जुलै २०१२ ला आला. अजय देवगण, अभिषेक बच्चन, असिन, प्राची देसाई, शिवाय असरानी, कृष्णा अभिषेक, अर्चना पूरण सिंग, नीरज व्होरा. गोष्टीचा सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या १९७९ च्या 'गोलमाल'चा. एक तत्त्वाचा पक्का म्हणजे थोडा सटकलेला मालक, एक गरजू पोरगा, पोरगा खोटं बोलून नोकरीला लागतो, पकडला जातो, मग स्वतःचाच एक दुसरा भाऊ तयार करतो, एकाला मिशी अन् एकाला नाही, मग आई पण उभी करावी लागते, मग एका आईनं भागत नाही. सिनेमा धो धो चालला, शंभर कोटींच्या वर गेला, अन् बहुतेक समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली. आरडाओरडा आहे, गाड्या उडतात, नाजूक सिनेमाचा भुगा केला, वगैरे. गंमत अशी की याच रोहित शेट्टीनं २००६ पासून 'गोलमाल' नावानं अख्खी मालिका काढली, तिचा हृषीदांच्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही, अन् जेव्हा खरंच ती गोष्ट घेतली तेव्हा नाव दुसरंच ठेवलं. त्याचा हिशोब त्यालाच माहीत.

आता एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, मी काही 'गोलमाल'चा दुश्मन नाही. आमच्या घरी तर तो सिनेमा म्हणजे सत्यनारायण, काकाजी लावणार अन् सगळ्यांनी बसायचं. उत्पल दत्तचा भवानी शंकर चिडला की घशातून जो आवाज काढतो तो काकाजी हुबेहूब काढतात, अन् गेल्या कितीतरी वर्षांत वरण खारट झालं की आमच्या घरी तोच आवाज येतो. अमोल पालेकर अन् उत्पल दत्त दोघांनाही त्या सिनेमासाठी फिल्मफेअर मिळालं होतं, संवाद राही मासूम रझांचे, गाणी गुलजार अन् आर. डी. बर्मनची, वर दीना पाठक, डेव्हिड, शुभा खोटे. अशा सिनेमाला कोण हात लावणार. माझं म्हणणं एवढंच आहे की 'बोल बच्चन'नं त्याला हात लावलाच नाही. त्यानं फक्त चौकट उचलली अन् आतमधलं खोटं बदललं. अन् हे बदललेलं खोटं कोणी नीट पाहिलंच नाही, सगळे उडणाऱ्या गाड्या मोजत बसले.

'गोलमाल'मध्ये रामप्रसाद खोटं का बोलतो? नोकरीसाठी. सी.ए. झालेला पोरगा, घरी बहीण, अन् मालकाचं डोकं असं की मिशी नसलेला माणूस म्हणजे चारित्र्य नसलेला माणूस, तरुणांनी खेळबिळाच्या नादी लागू नये. तर हा मिशीवाला, साधासुधा, आखूड कुर्त्यातला आदर्श पोरगा बनून जातो, नोकरी मिळते, अन् पुढं हॉकीची मॅच पाहायला गेला तिथं सापडतो. म्हणजे एका म्हाताऱ्याची सनक, अन् तिच्यापायी केलेलं सोंग. फार गोड आहे ते. पकडला गेला तर काय होईल? नोकरी जाईल. त्या काळात नोकरी जाणं लहान गोष्ट नव्हती हे मान्य, पण तरी जीव काही जाणार नाही.

'बोल बच्चन'मध्ये पोराचं नाव अब्बास अली आहे. दिल्लीत मालमत्तेची केस हरला, बहिणीला घेऊन असरानीच्या ओळखीवर राजस्थानातल्या एका गावी आला. तिथं एक जुनं मंदिर आहे, भांडणात अडकलेलं, दाराला कुलूप. एक लेकरू पाण्यात बुडून राहिलं, सगळं गाव उभं राहून पाहून राहिलं, अन् हा गडी कुलूप तोडून आत उडी मारतो अन् लेकराला बाहेर काढतो. तेवढ्यात गावाचा मालक पृथ्वीराज रघुवंशी, म्हणजे अजय देवगण, पोचतो अन् विचारतो नाव काय. आता मुसलमान पोरानं वादातल्या मंदिराचं कुलूप तोडलं, हे त्या गर्दीत मोठ्यानं सांगून पाहा. तर सोबतचा मित्र, कृष्णा अभिषेक, घाबरून तोंडात येईल ते नाव ठोकून देतो, अभिषेक बच्चन. थेटरात लोक या जागी खदाखदा हसले, मी पण हसलो, पण हसता हसता पोटात काहीतरी हललं पण. कारण इथं खोटं कोणाच्या सनकीपायी बोललेलं नाही, गर्दीच्या भीतीनं बोललेलं आहे. अन् एकदा ते बोललं की परत घेता येत नाही, कारण पृथ्वीराजला खोटं चालत नाही, खोटं बोलणाऱ्याला तो धरून कुटतो. आता सांगा, या पोराला दुसरा भाऊ तयार करायला लागणं जास्त पटतं की मिशीवाल्याला?

माझा एक मित्र आहे, कॉलेजपासूनचा, नाव मुद्दाम लिहीत नाही. नागपुरात ज्या भागात आम्हाला नोकरीच्या जवळ खोली पाहिजे होती तिथं आम्ही दोघं फिरलो होतो. पद्धत अशी की गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' पाटी, आतून काकू येणार, खोली दाखवणार, पाणी किती वाजता येतं, कूलर लावला तर लाईटबिल वेगळं, नॉनव्हेज चालणार नाही, सगळं सांगणार, अन् मग सहज, एकदम सहज, "नाव काय बाळा तुझं?" मी माझं सांगायचो, तो त्याचं सांगायचा. पुढच्या मिनिटाला काकूंना आठवायचं की पुतण्या येणार आहे राहायला. दर घरी पुतण्या. मित्र बाहेर येऊन म्हणायचा, "या एरियात पुतणे लय आहेत बे." भांडला नाही, रडला नाही, तेवढंच म्हणायचा अन् गाडीला किक मारायचा. नंतर त्यानं एक युक्ती काढली, जिथं काम लहान असेल, म्हणजे कटिंगच्या दुकानात नंबर लावायचा, फोनवर गॅसवाल्याशी बोलायचं, तिथं तो 'समीर' सांगतो. समीर दोन्हीकडं चालतो. त्याचं म्हणणं, एवढ्याशा कामासाठी समोरच्याला कशाला विचारात पाडायचं.

हा मित्र माझ्यासोबत होता 'बोल बच्चन' पाहायला. नागपुरातच, बर्डीवर, पावसाळ्याचे दिवस, थेटरात ओल्या रेनकोटांचा वास. अन् ज्या क्षणाला पडद्यावर "अभिषेक बच्चन" हे नाव फेकलं गेलं तेव्हा हा माणूस खुर्चीवरून खाली घसरला हसून हसून. मला म्हणे, "अबे हा तर सरळ बच्चनच झाला, आपण तर समीरवर भागवून घेतलं." तर पेपरात जेव्हा वाचलं की या सिनेमात डोकं बाजूला काढून ठेवावं लागतं, तेव्हा मला वाटलं की लिहिणाऱ्याला खोली भाड्यानं घेताना नाव सांगायचा प्रश्न कधी पडलेलाच नाही. आता मी असं म्हणत नाही की रोहित शेट्टी मोठा समाजसुधारक आहे अन् त्यानं धडे द्यायला सिनेमा काढला, त्याला लोकांना हसवायचं होतं अन् पैसे कमवायचे होते. पण लोकांना हसवायला त्यानं जो खिळा ठोकला तो बरोबर जागी ठोकला, चुकून असेल, मुद्दाम असेल, मला फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट अजय देवगणची. पृथ्वीराज गावचा मालक, पैलवान, दिलदार, अन् त्याला इंग्रजीचा भयंकर सोस. हिंदी म्हणी जशाच्या तशा उचलून इंग्रजीत टाकतो, शब्दाला शब्द. (आमच्या चुलतभावानं हे पाहून 'काखेत कळसा गावाला वळसा'चं असंच इंग्रजी केलं होतं अन् आठवडाभर घरात पॉट अन् आर्मपिट चालू होतं.) समीक्षक म्हणाले फालतू विनोद, शाळेतल्या पोरांचा विनोद. अहो पण नीट पाहा नं, विनोद त्याच्या इंग्रजीत कमी अन् आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यात जास्त आहे. तो बोलतो, अन् चार माणसं मान डोलावतात. कोणीच म्हणत नाही की मालक, हे चुकलं. म्हणणार कसं, खोटं बोलणाऱ्याला कुटणारा माणूस, अन् त्याच्या समोर सगळं गाव रोज खोटं मान डोलावून राहिलं, अन् हे एकट्या त्यालाच माहीत नाही! ज्यानं कधी एखाद्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर सही घ्यायला दोन तास बाकड्यावर काढले त्याला ही मान डोलावणी बरोबर ओळखू येते. भाऊ काहीही बोलले तरी "वा भाऊ." मी स्वतः अशा खोलीत बसलो आहे जिथं भाऊंनी एका योजनेचं नाव सरळ उलटं सांगितलं अन् सात-आठ लोकांनी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

अन् देवगण हे सगळं करताना एकदाही डोळा मारत नाही, मी विनोद करून राहिलो असं एकदाही दाखवत नाही. हेच अवघड असतं. हात मागं, छाती पुढं, आवाज खाली, डोळे जड, 'सिंघम'मध्ये गुंडाला धमकी देताना जो चेहरा असतो जवळपास तोच चेहरा घेऊन तो ते भयानक इंग्रजी बोलतो. 'सिंघम' २०११ चा, म्हणजे वर्षभरच आधीचा, लोकांच्या डोक्यात तो ताजा होता, अन् त्याच माणसाला तोच दिग्दर्शक असा उभा करतो. उत्पल दत्तनं मालकाचा राग हातवाऱ्यातून, आवाजातून, डोळे मोठे करून काढला, देवगणनं काहीच न करता काढला. दोन वेगळ्या वाटा. देवगणनं उत्पल दत्तची नक्कल केली असती तर मीच पहिला शिव्या देणारा होतो.

आता 'रीमेक म्हणजे चोरी, ओरिजिनलचा अपमान' म्हणणाऱ्या मराठी माणसाला माझा एकच प्रश्न असतो. 'अशी ही बनवाबनवी' पाहिला का? पाहिला का म्हणजे काय, पाठ आहे. १९८८, सचिन, अशोक सराफ, लक्ष्या, सुशांत रे, वसंत सबनीसांचे संवाद. आपल्या महाराष्ट्रात असं घर नसेल जिथं त्यातलं एखादं वाक्य रोजच्या बोलण्यात नाही. अन् तो कशावरून आहे? 'बीवी और मकान' वरून, १९६६ चा, दिग्दर्शक कोण, तर हेच आपले हृषीकेश मुखर्जी! म्हणजे ज्या हृषीदांच्या एका सिनेमाचा रीमेक आपण डोक्यावर घेऊन नाचतो त्याच हृषीदांच्या दुसऱ्या सिनेमाच्या रीमेकला आपण पापी ठरवतो. अन् 'बीवी और मकान'चं मूळ परत बंगालीत. 'बनवाबनवी' मोठा का झाला? कारण सचिन अन् सबनीसांनी तो भाषांतर केल्यासारखा केला नाही, पुणं घातलं त्यात, घरमालकीण घातली आपल्याकडची, भाषा आपली घातली. म्हणजे त्यांनी पण आतलं बदललंच. मग शेट्टीनं राजस्थान घातलं, पैलवान घातले अन् खोट्याचं कारण बदललं तर तेवढाच गुन्हा कसा झाला?

यावर काकाजींचं उत्तर तयार असतं. "बाबू, बनवाबनवीत कोणी ओरडत नाही." बरोबर आहे काकाजी, तिथं येऊन राहिलो.

'बोल बच्चन' मोठ्या आवाजाचा सिनेमा आहे, हे खरं आहे, अन् मला त्याची लाज वाटत नाही. ज्यानं झाडीपट्टीचं नाटक पाहिलं त्याला तर अजिबात वाटू नये. आमचे आजोळ तिकडचे, भंडारा-गोंदियाकडचे, अन् दिवाळी झाली की तिकडं मंडई म्हणजे जत्रा अन् नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं कंपन्यांची बुकिंग. रात्री जेवणखाण झाल्यावर सुरू होणार अन् पहाटे कोंबडा आरवेपर्यंत. एका तिकिटात सासूचा छळ, भावाचं भावासाठी रडणं, खलनायकाचं गडगडाटी हसणं, मध्ये लावणी, मध्ये एक असा विनोदवीर की तो नुसता विंगेतून डोकावला तरी मांडव हलतो. गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. त्या मांडवात शेवटच्या ओळीत एक म्हातारी घोंगडी पांघरून बसलेली असते, मांडीवर नातू झोपलेला, आजूबाजूला भज्यांचा ठेला, चहावाला ओरडून राहिला. तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर नटाला आवाज चढवावाच लागतो, हातवारे मोठे करावेच लागतात, अन् एक विनोद दोनदा सांगावा लागतो कारण पहिल्यांदा ती नातवाचं टोपडं नीट करत होती. याला कोणी बटबटीत म्हणतं. मी म्हणतो शेवटच्या ओळीचा मान ठेवला.

रोहित शेट्टी याच जातीचा माणूस आहे. त्याचा सिनेमा मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत पॉपकॉर्न घेऊन एकट्यानं पाहायचा नाहीच. सिनेमाच्या धंद्यात अजूनही आपला विदर्भ सी.पी. बेरारमध्ये मोजतात, इंग्रजांच्या काळातला प्रांत कधीच गेला पण वितरकांच्या वहीत आहे तसाच, अन् त्या सी.पी. बेरारमधल्या लहान गावातल्या टॉकीजमध्ये पंखा खडखड करत असताना, मागं कोणीतरी फोनवर "अबे थेटरात आहो, थेटरात" असं ओरडत असताना जो सिनेमा तग धरतो तो वेगळ्या हाडाचा असावा लागतो. हृषीदांचा सिनेमा कानात सांगितलेल्या गोष्टीसारखा आहे, त्याला शांत खोली लागते, शहाणी माणसं लागतात. प्रत्येकाकडं शांत खोली नसते राजेहो.

आता जे वाईट आहे ते वाईटच आहे, ते झाकून मला बाजू घ्यायची नाही. पकडला गेल्यावर अब्बासचा जो दुसरा भाऊ उभा केला जातो तो बिनमिशीचा, कथ्थक शिकवणारा, बायकी हावभावांचा. अभिषेक बच्चननं मेहनत घेतली, अंग मोकळं सोडून नाचला, अन् त्याच्या एरवीच्या अवघडलेपणाकडं पाहता हे काम त्यानं जोरात केलं असंच म्हणीन. पण त्या पात्रावरचे निम्मे विनोद तो कसा चालतो अन् पुरुषांच्या किती जवळ जातो एवढ्यावरच उभे आहेत, अन् तेव्हाही ते शिळे होते, आज तर नको वाटतात. आपल्याला तमाशातला नाच्या माहीत आहे, गणपत पाटलांनी आयुष्यभर ती भूमिका केली अन् पडद्याबाहेरही लोकांनी त्यांना तिचे चटके दिले, त्यामुळं आपण तरी यावर हसताना जरा थांबायला पाहिजे. एक बारीक गोष्ट मात्र आहे, पृथ्वीराज त्या भावाला हाकलत नाही. चिडतो, वैतागतो, पण बहिणीला नाच शिकवायच्या कामावर ठेवतो, घरात घेतो. म्हणजे नाव बदललेल्याला जशी जागा मिळाली तशी चाल वेगळी असलेल्यालाही मिळाली. सिनेमानं यातून अजून काही काढलं असतं तर मजा आली असती, काढलं नाही.

दुसरं, असिनला काही कामच नाही. दिसायचं, गोड बोलायचं, अन् पृथ्वीराजला त्याच्या गेलेल्या प्रेयसीची आठवण करून द्यायची, संपलं. 'गोलमाल'मध्ये शुभा खोटेंना दोन-चार सीनमध्ये जेवढं मिळालं तेवढं हिला अख्ख्या सिनेमात नाही. बायकांपैकी खरी वसुली एकटीच करते, अर्चना पूरण सिंग. आई पाहिजे म्हणून धरून आणलेली नाचणारीण, तिला पांढरी साडी नेसवून सोज्वळ बनवायचं, अन् ती सोज्वळ होता होता मूळ स्वभाव मध्येच डोकं काढतो. दीना पाठक जे नजाकतीनं करायच्या, बंद दाराआड धाप लागलेली असताना बाहेर येऊन शांत हसायच्या, त्याच्या अगदी उलट टोकाला जाऊन ही करते, अन् मला दोन्ही चालतात. मारामाऱ्या मात्र अर्ध्या काढून टाकल्या असत्या तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. तो चुलतभाऊ व्हिलन तर आला कधी अन् गेला कधी हे मला दरवेळी परत पाहावं लागतं.

गाण्यांवर फार बोलत नाही, हिमेश रेशमियासोबत आपले अजय-अतुल पण आहेत एवढं सांगून पुढं जातो. पण टायटल साँगमध्ये स्वतः अमिताभ येतो याचा मला वेगळाच आनंद आहे, कारण 'गोलमाल'मध्ये पण अमिताभ पाहुणा म्हणून येऊन गेलेला आहे, ते स्वप्नाचं गाणं आठवा, ज्यात पालेकर मोठा स्टार झालेला असतो अन् बच्चनला कोणी विचारत नाही. म्हणजे बापानं एका 'गोलमाल'मध्ये तोंड दाखवलं अन् पोरगा दुसऱ्यात बापाचं आडनाव खोटं म्हणून वापरतो, तेही स्वतःचंच नाव! अभिषेक बच्चनला जन्मभर लोकांनी ऐकवलं की तू नावावर जगतो, अन् हा माणूस अख्खा सिनेमा असा करतो की ज्यात ते नाव त्याच्या पात्राचं नाहीच, उसनं घेतलेलं आहे, अन् ते गळ्यात पडल्यामुळं त्याची रोज फजिती होते. हे ज्यानं लिहिलं त्याच्या डोक्याला मी तरी फालतू म्हणणार नाही.

अन् ही गोष्ट काही एकट्या शेट्टीनं बाटवली असं पण नाही. 'गोलमाल'चा तमिळ रीमेक १९८१ मध्येच झाला, 'थिल्लू मुल्लू', के. बालचंदरनी केला अन् हीरो रजनीकांत, मारामारीवाल्या रजनीला तिथं लोकांनी पहिल्यांदा पूर्णवेळ कॉमेडी करताना पाहिलं. तो पण २०१३ मध्ये परत नव्यानं निघाला. अन् त्याच वर्षी 'बोल बच्चन'चा तेलुगूत 'मसाला' झाला, व्यंकटेशला घेऊन. म्हणजे गोष्ट फिरून राहिली, चांगल्या गोष्टींचं काम तेच आहे, फिरणं. ज्याला जिथं पाहिजे तिथं त्यानं उतरवून घ्यावं.

काकाजींशी या विषयावर माझं गेल्या उन्हाळ्यात मोठं वाजलं. मे महिना, नागपूरचा मे सांगायला नको, दारं-खिडक्या बंद, कूलरचा असा आवाज की टीव्ही चाळीसवर ठेवला तरी ऐकू येत नाही, अन् चॅनेलवर लागला 'बोल बच्चन'. काकाजी म्हणाले बदल. मी म्हटलं काकाजी, कूलर बंद करता का, मग तुमचा 'गोलमाल' लावतो. त्यांनी एकदा कूलरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले राहू दे. अन् पुढचा तास-दीड तास ते सोफ्यावर आडवे होते, मला वाटलं झोपले, पण देवगणनं जेव्हा ती इंग्रजी म्हण फेकली तेव्हा डोळे मिटलेलेच, अन् पोट हलून राहिलं. मी विचारलं, हसले का काकाजी? तर म्हणे, "त्या माणसाचं इंग्रजी आमच्या जुन्या साहेबासारखं आहे." रेल्वेतले त्यांचे कोणी साहेब, ज्यांच्या ड्राफ्टला कोणी हात लावायची हिंमत करत नव्हतं. मग त्या साहेबांचे किस्से सुरू झाले ते जाहिरातीत पण थांबले नाहीत. सिनेमा आवडला असं काही ते म्हणाले नाहीत, अन् म्हणणारही नाहीत, तेवढा त्यांचा अधिकार आहे.

ज्यांना परत पाहायचा असेल त्यांच्यासाठी, सुरुवातीचा दिल्लीचा भाग सोडून दिला तरी चालतो, मंदिराच्या कुलपापासून धरा. चुलतभावाच्या मारामाऱ्या पुढं ढकला. पृथ्वीराज बोलत असेल तेव्हा त्याच्याकडं नाही, त्याच्या मागं उभ्या असलेल्यांकडं पाहा. अन् मोबाईलवर हेडफोन लावून एकट्यानं पाहू नका, घरात चार माणसं असतील, कोणी भाजी निवडून राहिलं असेल, पोरं मध्येमध्ये करत असतील तेव्हा लावा. 'गोलमाल' दुसऱ्या दिवशी, रात्री, सगळे झोपल्यावर.